जागेचा रंग

१

नसीमचा दिवस सकाळी साडेदहाला सुरू व्हायचा. उठायची ती पहाटेच. चहा व्हायचा, भाकऱ्या व्हायच्या, अब्बांच्या गोळ्या वाटीत काढून व्हायच्या; पण ते सगळं तिच्या लेखी दिवसात धरायचं नव्हतं. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून खाली उतरलं की ती स्टूल ओढून बसायची. थेट उन्हात रंग खोटं बोलतात, असं अब्बा म्हणत, आणि रंगाच्या बाबतीत अब्बांचा शब्द खाली पडू द्यायची त्या घरात पद्धत नव्हती.

अब्बा म्हणजे दादामियाँ पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी पुण्याच्या पेठांमधल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शिडीवर चढणं बंद झालं तेव्हा बापलेकींनी शाळांसाठी तक्ते करायला घेतले. मासा, झुरळ, कबूतर, गांडूळ. प्राणी नसीमने काढायचा आणि वरची अक्षरं अब्बांनी घालायची. प्राण्याखाली जमीन काढायची नाही, झाड नाही, पाणी नाही. कोऱ्या पांढऱ्यावर एकटा प्राणी. नमुन्याला हात लावायचा नाही, हा अब्बांचा दुसरा नियम. नमुना आजूबाजूशी जुळत नसेल, तर आजूबाजूचं हलवायचं. त्याच्यामागचं फडकं बदला, स्टूल सरकवा, पडदा ओढा, पण नमुना आहे तसा राहिला पाहिजे.

ते ब्याऐंशी साल होतं. कर्वेनगरला तेव्हा बंगल्यांच्या मधेमधे शेतं शिल्लक होती. अशाच एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर दोघं भाड्याने राहत. चैत्रात अब्बा जिन्यात कोसळले, अकरा दिवस इस्पितळात राहिले, आणि परत आले ते डॉक्टरांची ताकीद घेऊन: जिना नाही, घाई नाही, राग नाही. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी पाळल्या. तेव्हापासून ते खाली उतरले नव्हते.

नसीम एकोणचाळीस वर्षांची होती. लग्न राहून गेलं होतं आणि त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. तिला भीती होती ती एकच. रंगात ब्रश बुडवताना मागच्या खुर्चीतला श्वास ऐकू आला नाही, की तिचा हात थांबायचा. मग अब्बा खाकरायचे, आणि हात पुन्हा चालू लागायचा.

२

बेडूक आणला हिंदुरावने. हिंदुराव कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होता, राहायला वारज्याला. तक्त्याचं काम कॉलेजच्या सरांमार्फत आलं होतं आणि नमुनाही तेच पुरवणार होते.

"ह्यो घ्या बाई तुमचा पाव्हणा," असं म्हणत त्याने टेबलावर बरणी ठेवली. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं.

"कुठे सापडला?"

"आमच्या मळ्यातल्या केळीत. पानाच्या बेचक्यात बसला हुता. झाडावरचा म्हंत्यात खरं, पर ह्याला मान्साचं घरच लई ग्वाड. मोरीत हाय, टाकीत हाय, भिताडावर तर हायच हाय." मग अब्बांकडे वळून त्याने विचारलं, "काय चाचा, तब्येत?"

"तब्येत आहे तिथेच आहे," अब्बा म्हणाले. "मी तिच्यापासून थोडा लांब बसतो."

हिंदुराव हसला. "म्हैन्यानं तक्ता न्यायला येतो. जनावर बी परत पायजे, सरांनी सांगिटलंय."

बेडूक दोन बोटं लांब असेल, जास्त नाही. अंग सडसडीत, कंबर बारीक, पाय घडी घालून पोटाशी घेतलेले. प्रत्येक बोटाच्या टोकाला गोल, चपटी गादी, सदऱ्याच्या बारक्या बटणाएवढी; तिच्या जोरावर तो काचेला उभा चिकटून होता. डोळे मोठे, सोनेरी, त्यात आडवी काळी फट. पाठ गुळगुळीत, मातकट तपकिरी. पाय पसरला की मांडीच्या मागच्या बाजूला काळपटावर पिवळे ठिपके दिसायचे. नसीमने ते पहिल्याच दिवशी टिपून ठेवले. डाव्या मांडीवर नऊ, उजवीवर सात, आणि त्या सातांतले दोन एकमेकांना चिकटलेले.

सरांनी चिठ्ठी पाठवली होती. ओल्या जागी राहतो, दिवसा हालचाल कमी, पाण्यावर फेसाचं घरटं करून अंडी घालतो, वगैरे. शेवटची ओळ लाल शाईने अधोरेखित होती: 'बसल्या जागेप्रमाणे अंगाची छटा फिकी किंवा गडद होते. नक्षी बदलत नाही.'

३

बरणीत तो आखडून बसायचा, म्हणून नसीमने खिडक्यांना जाळ्या लावून त्याला खोलीत सोडलं. तो जाऊन जाऊन जाणार कुठे? मोरी, माठाची मागची बाजू, टेबलाचा पाय. जिथे बसेल तिथे ती त्याचा रंग कालवायची, कागदाच्या पट्टीवर एक फटकारा ओढायची आणि खाली तारीख नि जागा लिहायची. चुन्याच्या भिंतीवर तो हाडासारखा पांढुरका व्हायचा. लाकडावर तपकिरी. पट्ट्या वाळत घातलेल्या बघून अब्बा खूश व्हायचे.

"याला एखादं दुकान काढून द्यायला हवं," ते म्हणाले. "हाताखाली चार माणसं ठेवील."

आठव्या दिवशी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर बसला. एका वाण्याचं कॅलेंडर होतं, पिवळं, लाल आकड्यांचं. तो पिवळट होईल असं धरून नसीमने पिवळा काढून ठेवला. बेडूक पांढरा झाला. पांढरा, आणि पाठीवर मधोमध एक हिरवट डाग, एका कडेला दात पडल्यासारखा.

तिने चष्मा पुसला. डाग तसाच होता. नक्षी बदलत नाही, असं सरांनी लिहिलं होतं, आणि सर काही उगीच लाल शाई वापरणारे नव्हते. मग उठून तिने कॅलेंडरचं खालचं टोक उचललं. मागे भिंतीला ओल आली होती. चुन्यावर हिरवट डाग पडला होता आणि त्याची एक कड दात पडल्यासारखी होती.

मागे जाऊन बसला असेल आधी, तिने स्वतःला सांगितलं. तिथला रंग अंगावर राहिला असेल. सगळं सरांना कुठे माहीत असणार? तिने पट्टीवर रंग ओढला, डाग काढला, तारीख घातली.

दुपारी खालच्या श्यामलाबाई वर आल्या. त्या घरमालकीण. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कॅलेंडर मी नेऊ का? आमच्यावर एकादश्या छापलेल्या नाहीत, आणि तुम्हाला त्यांचा तसाही उपयोग नाही." अब्बांनी हसून हो म्हटलं. कॅलेंडर गेलं. भिंतीवर तो डाग उघडा पडला, सकाळी बेडकाच्या पाठीवर होता तसाच.

४

योगायोग म्हणावा असा हा प्रकार होता, आणि नसीमने तो तसाच म्हटला. दुसऱ्या दिवशी बेडूक टेबलावर रचलेल्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसला आणि त्याच्या पाठीवर लाकडाच्या रेषा उमटल्या. शिसवी, मधे एक गाठ. कागदाखाली टेबलाला नेमकी त्याच जागी गाठ होती. नसीम तीन वाजेपर्यंत त्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. सव्वातीनला छापखान्याचा माणूस सायकलवरून आला, कागद जाडीला कमी पडतात म्हणून बदलून देतो म्हणाला, आणि गठ्ठा घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी पडदा. बेडकाच्या पाठीवर गंजलेल्या गजाची उभी रेघ उमटली. नसीमने पडद्याची दोरी दोनदा घट्ट बांधली. अब्बांनी हवा येत नाही म्हणून तो ओढला, दोरी तुटली, पडदा खाली आला.

"काय गं, एवढं काय झालं? पडदाच आहे," अब्बा म्हणाले, कारण ती खाली बसून पडद्याकडे बघत राहिली होती.

"काही नाही. धुवायलाच झाला होता."

तिला हसू येईना आणि कुणाला सांगावं तर सांगण्यासारखं त्यात काय होतं? बेडूक वस्तूचा रंग घेत नाही, वस्तू गेल्यावर जे उरेल त्याचा घेतो. असं सरांना लिहून पाठवलं असतं, तर त्यांनी तेही लाल शाईने अधोरेखित करून परत पाठवलं असतं.

त्या दिवशी तिने त्याला बरणीत घातलं, ओढणीखाली धरून कालव्यापर्यंत चालत गेली, आणि काठच्या अळूच्या पानावर सोडून दिलं. सरांना काय सांगायचं ते नंतर बघू. परत येताना पाय हलके झाले होते. सकाळी तो माठाच्या झाकणावर बसलेला होता. असे छप्पन्न असतील, पावसाळ्याचे दिवस आहेत, असं म्हणत ती जवळ गेली. तो पाय ताणून पुढे सरकला. डाव्या मांडीवर नऊ. उजवीवर सात, त्यांतले दोन चिकटलेले.

५

गुरुवारी सकाळी अब्बा मोरीत होते. खाटेवर त्यांची निळ्या फुलांची गोधडी पसरलेली, आणि गोधडीच्या मधोमध, जिथे त्यांची छाती यायची तिथे, बेडूक बसला होता. त्याच्या पाठीवर आडवी-उभी वीण उमटली होती, मळकट पांढरी, आणि कडेला हिरवी दोरी.

ही वीण नसीमला ओळखायची गरजच नव्हती. खाटेला विणलेली नवार तिने स्वतः आणली होती, हिरव्या काठाची.

गोधडी नाही, गादी नाही, नुसती नवार. खाट अशी उघडी कधी पडते, हे काही कुणाला सांगावं लागत नाही. चाळीतल्या, वाडीतल्या कुठल्याही घरात माणूस गेल्यावर पहिल्यांदा अंथरूण बाहेर जातं. अम्मी गेली तेव्हा तिची गादी जिन्यावरून कशी खाली नेली होती, ते तिला स्पष्ट दिसलं. मोरीत तांब्याचा आवाज येत होता. आवाज थांबला की ती मोरीच्या दाराकडे वळून बघायची.

आणि मग तिला सुचलं. सुचलं ते कामातूनच सुचलं. नमुन्याला हात लावायचा नाही, आजूबाजूचं हलवायचं.

तिने गोधडी ओढली, बेडूक उडून भिंतीवर गेला. गादीची वळकटी केली, खांद्यावर घेतली आणि गच्चीवर नेऊन उन्हात टाकली. उशाही टाकल्या. खाली येऊन बघते तर अब्बा उघड्या खाटेपाशी टॉवेल घेऊन उभे.

"हे काय?"

"ढेकूण झालेत."

"आपल्याकडे?" अब्बांना ते ढेकणांपेक्षा जास्त लागलं. "दादामियाँच्या घरात?"

संध्याकाळपर्यंत खाट उघडी राहिली आणि अब्बा वेताच्या खुर्चीत बसून कुरकुरत राहिले. दिवेलागणीला तिने गादी परत आणून घातली. ते झोपले, सकाळी उठले, चहा पातळ झालाय म्हणाले. नसीम स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली आणि आनंदाने रडली. जमलं होतं. खाट रिकामी व्हायची होती ती झाली, आणि कुणाला काही झालं नाही.

६

यानंतर तिने ते कामच करून टाकलं. घड्याळावर बसून बेडूक भिंतीचा झाला, तिने घड्याळ उतरवून ट्रंकेत ठेवलं. अब्बांच्या टोपीवर बसून खुंटीचा झाला, टोपी धुवायला टाकली. औषधांच्या बाटलीवर बसला, तिने बाटली फडताळातून काढून शेजारच्या पेटीवर ठेवली. सकाळपासून ती त्याच्या मागे असायची. एका जागी बसवेना. स्टूल ओढायची, ब्रश भिजवायची आणि लगेच उठायची. तो माठामागून टक् टक् करायचा, लाकडावर नखाने वाजवावं तसा, आणि ती उठून बघायला जायची, आता कुठे बसलाय.

तक्ता तरी पूर्ण झाला. प्राणी छान उतरला होता, पांढऱ्यावर एकटा. रंग तिने पहिल्या दिवशीचा घातला, मातकट तपकिरी.

श्यामलाबाई भाड्याची पावती द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. भिंती उघड्या, खिडक्या उघड्या, फडताळ अर्धं रिकामं.

"घर सोडताय का?" त्यांनी विचारलं. "नाही, आम्हाला कळवायची पद्धत आहे म्हणून विचारलं."

"साफसफाई चाललीय," नसीम म्हणाली.

"ती दिवाळीच्या आधी करतात. ईदच्या आधीही करत असतील. भाद्रपदात मी पहिल्यांदाच बघते."

अशी संधी अब्बा सहसा सोडत नसत. नसीमने वळून पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाच्या रिकाम्या जागेकडे बघत होते, पाटीवरचं एखादं अक्षर वाकडं आलंय का ते बघावं तसे.

७

सोमवारी सव्वाअकराला अब्बा मांडीवर फळी घेऊन तक्त्याची अक्षरं घालत होते. 'वृक्ष' झालं होतं, 'मंडूक' राहिलं होतं. नसीम समोर बसून भोपळी मिरची चिरत होती. बेडूक भिंतीवरून उतरला, खुर्चीच्या हातावर आला, आणि तिथून टुणकन अब्बांच्या खांद्यावर.

अब्बांचा सदरा पांढरा होता. बेडूक पांढरा होईल, नसीम म्हणाली. मनातल्या मनात तिने ते तीनदा म्हटलं.

त्याच्या पाठीवर वेताची जाळी उमटायला लागली. आधी फिकी, मग पिवळी, मग भोकांसकट. एका जागी वेताची एक काडी तुटून वर आली होती. खुर्चीच्या पाठीला डाव्या अंगाला ती काडी तुटली होती. नसीमची ओढणी तिथे कितीदा तरी अडकली होती. आता त्या जागेवर अब्बांचा खांदा टेकलेला होता, आणि बेडकाच्या दृष्टीने तिथे खांदा नव्हता.

"अब्बा, उठा."

"का?"

"उठा ना."

ते फळी बाजूला ठेवून सावकाश उठले आणि दोन पावलं चालून भिंतीला टेकले. बेडूक हलला नाही. वेत विरत गेला, चुना आला. त्यांच्यामागे होता तोच चुना, तोच पोपडा. नसीमला ते उभे दिसत होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता, अत्तराचा वास येत होता. आणि त्यांच्या खांद्यावर दोन बोटांएवढी मागची भिंत दिसत होती.

"काय झालंय ते तरी सांग," अब्बा म्हणाले.

"काही नाही. पाठ अवघडली असेल, म्हणून म्हटलं."

तिने चिमटीत धरून बेडूक उचलला आणि बरणीत टाकला. फडक्याची गाठ तिने घाईत कशीतरी मारली.

गोधडी उन्हात टाकता येते. घड्याळ ट्रंकेत ठेवता येतं. माणूस कुठे ठेवायचा?

८

आजूबाजूचं हलवायचं, नाहीतर मग नमुनाच राहत नाही. विचार करायला तिला एक तास लागला. या खोलीत अब्बा नसणार आहेत, एवढंच तो सांगतोय ना? मग नसू देत. खुर्ची रिकामी, भिंत रिकामी, खोली रिकामी. अब्बा दुसरीकडे, धडधाकट.

नजमा, तिची मोठी बहीण, बिबवेवाडीला राहायची. तिचा नवरा अल्लाबक्ष याचा लाकडाचा धंदा. घर तळमजल्यावर, जिना नाही, घरात फोन. इतक्या दिवसांत हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचंच नसीमला नवल वाटलं. तिने खाली जाऊन श्यामलाबाईंच्या फोनवरून नजमाला आणि कॉलेजात हिंदुरावला कळवलं. हिंदुराव कॉलेजमधून दुसऱ्या दिवशी रिक्षा घेऊन आला.

अब्बांनी फारसा वाद घातला नाही. त्याचं तिला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. "तीन अक्षरं राहिलीत, ती तिकडे घालतो," एवढंच ते म्हणाले. तक्ता गुंडाळून घेतला. ब्रशांचे केस वाळून ताठ होऊ नयेत म्हणून नेहमीप्रमाणे ते ओल्या फडक्यात बांधून पिशवीत टाकले.

वेताच्या खुर्चीत बसवूनच हिंदुराव आणि रिक्षावाल्याने त्यांना जिन्यावरून खाली नेलं.

"वजन न्हाय चाचा तुमचं काईच," हिंदुराव म्हणाला.

"सगळं अक्षरांत गेलं," अब्बा म्हणाले.

रिक्षात बसल्यावर त्यांनी नसीमच्या गालाला हात लावला. "जेवत जा वेळेवर," ते म्हणाले. रिक्षा वळली.

वर येऊन तिने बरणी पाहिली. फडकं सैल होतं, बरणी रिकामी. तिने माठामागे पाहिलं, मोरीत पाहिलं, खाटेखाली, टेबलाखाली, फडताळाच्या प्रत्येक कप्प्यात. कुठेही नव्हता. टक् टक् नाही. दुपारभर ती रिकाम्या खोलीत फिरत राहिली आणि हळूहळू तिला पटत गेलं की गेला. ज्यासाठी आला होता ते झालं आणि गेला. तीन वाजता तिने घड्याळ ट्रंकेतून काढून परत भिंतीवर लावलं, किल्ली दिली, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

९

चारला खालून हाक आली. "नसीमबाई, फोन! तुमचे वडील आहेत. तीन मिनिटांत आटपा, आमच्या जावयाचा यायचाय."

नसीम जिना जवळजवळ धावत उतरली.

"पोचलो गं," अब्बांचा आवाज मोठा, खुशीतला. "नजमाने शिरखुर्मा केलाय, ईद नसताना. अल्लाबक्षने त्याची स्वतःची खुर्ची दिलीय बसायला. आणि ऐक, तुझा कलाकार इकडेच आलाय."

"कोण?"

"कोण म्हणजे? ब्रश सोडले तर फडक्यातून निघाला. ओलं होतं ना, आवडलं असणार त्याला. आता माझ्या छातीवर बसलाय, खिशापाशी."

नसीमने भिंतीला हात टेकला. श्यामलाबाई समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं.

"अब्बा, त्याचा रंग कसा आहे?"

"तेच तर सांगतोय. हिरवा, गडद. मधून एक शिवण गेलीय, दुहेरी टाक्याची. सदरा माझा पांढराच आहे."

"तुम्ही कशावर बसलाय?"

"खुर्चीवर. रेक्झिनची आहे." खुर्ची करकरली. "हो, हिरवीच. पाठीला शिवण आहे. काय डोळा आहे बघ याचा!"

"उठा. अब्बा, उठा तिथून आधी."

"बरं, उठलो." श्वास लागल्याचा आवाज आला. "बघ गंमत, लाल झाला. बारीक काळे ठिपके."

"मागे भिंत कसली आहे?"

"भिंत पिवळी आहे." अब्बा थांबले. "लाल तर फरशी आहे इथली. खालची."

"बसा," नसीम ओरडली. "बसा, अब्बा. लगेच बसा. आपा कुठेय? आपाला बोलवा."

"नजमा दुकानात डबा द्यायला गेलीय, येईल." खुर्ची पुन्हा करकरली. ते बोलले तेव्हा आवाज खाली आला होता. "नसीम, तू खाट उघडी टाकलीस, घड्याळ उतरवलंस, घर उपसलंस. चाळीस वर्षं रंग बघतोय मी, मला काय दिसत नव्हतं? तुझा जीव राहू दे, म्हणून निघालो. तूच पाठवलंस, म्हणून इथे आलो. आता कुठे पाठवशील?"

फोनमधून त्यांचा श्वास येत होता, आणि श्वासाच्या मधे, अगदी रिसीव्हरजवळ, टक्. टक्.

तिला एवढंच वाटलं की बोलणं थांबता कामा नये. ते बोलत आहेत तोवर ते तिथे आहेत.

"अब्बा, 'मंडूक' राहिलंय ना? 'म' कसा घालणार?"

"हे आता विचारायचं?"

"सांगा ना. मला येत नाही."

ते हसले. अक्षराचं विचारलं की त्यांना राहवत नसे. "आधी डावीकडची गाठ. पोकळ ठेवायची. भरली की लांबून नुसता ठिपका दिसतो."

"आणि मग?"

"मग आडवी ओढायची. काठीपर्यंत. हात उचलायचा नाही." श्वास. "मग काठी, वरून खाली."

"आणि मग?"

"मग वर टिंब. टिंबाला घाई करायची नाही." बराच वेळ गेला. "मग 'ड'. 'ड' ला पाठ असते. ती हलकेच वाकवायची."

श्यामलाबाई उठून तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. त्यांनी नसीमच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि मग, अब्बा?"

टक्.

"मग... त्याखाली..."

"हां, त्याखाली. त्याखाली काय घालायचं?"

टक्. टक्.

"ऐकतेय मी," नसीम म्हणाली. "आणि मग, अब्बा?"